विसरलेली सायन्स फिक्शन: शोधायची कशी, मिळवायची कुठून, वाचायची कशी

सायन्स फिक्शन वाचायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं की तीच पाच-सहा नावं पुढे येतात. व्हर्न, वेल्स, असिमोव्ह, क्लार्क, मराठीत नारळीकर, आणि हल्ली पिक्चर आल्यापासून ड्यून. यात चूक काहीच नाही, वाचाच ती. पण ती वाचून झाली की लोक म्हणतात आता पुढे काय, आणि मग इंटरनेटवरच्या 'टॉप शंभर' लिस्ट उघडतात, त्यात परत तीच नावं वेगळ्या क्रमाने. हा लेख त्या पुढच्या टप्प्यासाठी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कथा विसरली जाते ती दर वेळी टुकार असते म्हणून नाही. लेखक तिशीतच गेला, टोपणनाव घेतलं आणि खरं नाव कुणाला कळलंच नाही, मासिकात छापून आली आणि मासिक रद्दीत गेलं, भाषा वेगळी होती, सरकारने छापूच दिली नाही, अशी अगदी साधी कारणं असतात. आणि कारण कळलं ना, की ती कथा कुठे सापडेल हे अर्धं तिथेच कळतं. म्हणून खालच्या पायऱ्या मी लेखकांच्या क्रमाने नाही तर हरवण्याच्या कारणांप्रमाणे लावल्यात.

पायरी १. लिस्ट बनवू नका, आधी एक कथा वाचा

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. लोक उत्साहाने पन्नास नावांची एक्सेल शीट करतात आणि तिथेच थांबतात. त्यापेक्षा एकच कथा घ्या, एका संध्याकाळी संपेल अशी. माझी शिफारस ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स'. हो, तोच 'अ पॅसेज टू इंडिया'वाला फॉर्स्टर. त्याची कादंबरी कॉलेजात अभ्यासाला असते पण १९०९ सालची ही कथा फार कमी लोकांनी वाचलेली असते, कारण तिच्यावर त्याच्याच मोठ्या पुस्तकांची सावली पडली. हे हरवण्याचं पहिलं कारण: लेखक दुसऱ्याच गोष्टीसाठी फेमस.

कथेत माणसं जमिनीखाली राहतात, प्रत्येकाची एकेक षटकोनी खोली, अन्न, गाणी, आंघोळ सगळं बटण दाबून. वाश्ती नावाची बाई हजारो लोकांना 'ओळखते' पण प्रत्यक्ष कुणालाच भेटत नाही, आणि तिचा मुलगा कूनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून पडद्यावर येऊन सांगतो की मला तुला मशीनमधून नाही, समोरासमोर भेटायचंय. त्यातली एक जागा नीट बघा. मुलाशी निवांत बोलता यावं म्हणून वाश्ती आपली खोली सगळ्यांपासून तोडणारा एक स्विच दाबते, आणि बोलणं संपल्यावर तो परत काढते, तर फक्त तीन मिनिटांत साठलेलं सगळं एकदम अंगावर येतं, घंटा वाजतायत, नवीन जेवण कसं होतं, तुझ्याकडे काही नवीन आयडिया आहे का, अमक्या दिवशी येणार का. फ्लाइट मोड काढल्यावर फोन कसा थरथरत सुटतो ते आठवा आणि मग साल बघा, १९०९. रेडिओवरचे नियमित कार्यक्रमसुद्धा तेव्हा सुरू झाले नव्हते.

ही वाचून मजा आली तर पुढे चला. कंटाळा आला तरी हरकत नाही, पायरी ४ मधली मंगळाची कथा घ्या, ती एकदम वेगळ्या चवीची आहे.

पायरी २. दोन साइट बुकमार्क करा आणि वापरायला शिका

पहिली, आयएसएफडीबी, म्हणजे इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस. दिसायला अगदी जुनाट, नव्वदच्या दशकातली वाटते, पण काम सोन्यासारखं करते. डाव्या बाजूला सर्च बॉक्स आहे, त्यात लेखकाचं नाव इंग्रजीत टाका. लेखकाच्या पानावर वरतीच खरं नाव, जन्म-मृत्यू, आणि त्याने वापरलेली बाकीची नावं असतात. लोक हे वाचतच नाहीत आणि थेट खाली स्क्रोल करतात. तसं करू नका, टोपणनावांची ओळ आधी बघा. मग खाली कादंबऱ्या, संग्रह, आणि लघुकथांची यादी. एखाद्या कथेवर क्लिक केलं की ती आजपर्यंत कुठे कुठे छापली गेली ते सगळं दिसतं, पहिलं मासिक, महिना, साल, नंतरचे संग्रह. ही यादी म्हणजे तुमचा नकाशा. पहिल्या ओळीत मासिकाचा अंक मिळाला, शेवटच्या दोन-तीन ओळींत सध्या बाजारात असू शकेल असं पुस्तक मिळालं.

या यादीची लांबीसुद्धा बोलते बरं का. एखादी कथा ऐंशी वर्षांत एकदाच छापली गेली असेल तर ती खरीच विसरली गेलीय. तीस वेळा छापली असेल तर ती विसरलेली वगैरे काही नाही, फक्त आपल्यापर्यंत आली नाही. दोन्हींत फरक आहे.

दुसरी, द एन्सायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन. पुस्तक म्हणून १९७९ साली आलं, तिसरी आवृत्ती २०११ पासून ऑनलाइन आणि फुकट. इथे याद्या कमी आणि मतं जास्त, लेख लिहिणारे लोक स्पष्ट सांगतात की हा लेखक पहिल्या तीन पुस्तकांनंतर घसरला. विकिपीडिया असं सांगत नाही. इथे लेखकाचं नाव शोधण्यापेक्षा विषय शोधा, उदाहरणार्थ रोबॉट, मंगळ, किंवा एखाद्या देशाचं नाव, आणि लेखात जी नावं तुम्ही कधीच ऐकली नव्हती ती टिपून घ्या.

पायरी ३. हक्कांचं गणित पाच मिनिटांत समजून घ्या

कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय कळत नाही की फुकट काय मिळेल आणि विकत काय घ्यावं लागेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती मोजायची पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. म्हणजे ब्रिटिश लेखक ओलाफ स्टेपल्डन १९५० मध्ये गेला, त्याचं सगळं आपल्याकडे मोकळं. फॉर्स्टर १९७० मध्ये गेला, त्याचं अजून नाही, तिकडे अमेरिकेत ती कथा मोकळी असली तरी. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, हे बरेच जण विसरतात.

अमेरिकेचा जुना नियम आपल्या फार कामाचा आहे. १९६४ च्या आधी छापलेल्या गोष्टींचा हक्क २८ वर्षांनी रिन्यू करावा लागायचा, आणि स्वस्तातल्या मासिकांमधल्या कित्येक कथांचा तो कुणी केलाच नाही. त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर, म्हणजे हक्क नसलेल्या पुस्तकांच्या फुकट ऑनलाइन लायब्ररीत, १९५० च्या दशकातल्या मासिकांमधल्या ढीगभर कथा आहेत. अशी कथा उघडली की सुरुवातीला एक छोटी टीप दिसते की ही अमुक मासिकाच्या अमुक महिन्याच्या अंकातून घेतलीय आणि हक्क रिन्यू झाल्याचा पुरावा आम्हाला मिळाला नाही. ती टीप वाचा, तिच्यातलं मासिकाचं नाव आणि महिना पुढच्या पायरीत लागतो.

पायरी ४. मासिकात अडकलेल्या कथा

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' काढलं, फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक. त्यानंतर अशी डझनांनी निघाली. कागद एकदम स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा, काही वर्षांतच पिवळा पडून कडा गळायला लागायच्या. ज्यांच्या कथा नंतर पुस्तकात गेल्या ते टिकले, बाकीचे त्या कागदाबरोबर गेले.

इथे दोन कथा सांगतो.

स्टॅन्ली वाइनबॉमची 'अ मार्शियन ओडिसी', 'वंडर स्टोरीज'चा जुलै १९३४ चा अंक. त्याची ही पहिलीच छापून आलेली विज्ञानकथा आणि ती येताच वाचकांनी डोक्यावर घेतली. डिसेंबर १९३५ मध्ये कॅन्सरने तो गेला, वय ३३. दीड वर्षाचं करिअर. तोपर्यंत मंगळावरचे प्राणी म्हणजे एकतर माणसांना खाणारे राक्षस नाहीतर माणसासारखेच पण हिरवे. वाइनबॉमने ट्वील नावाचा एक शहामृगासारखा दिसणारा जीव आणला, हुशार, मैत्रीही करतो, पण त्याचा विचार करायचा मार्गच वेगळा. लांब उडी मारून थेट चोचीवर आदळतो आणि बाणासारखा जमिनीत रुततो, का ते कळत नाही. त्याला इंग्रजीतले पाच-सहा शब्द कळलेत आणि आकडे कळतात, तेवढ्यावर तो सांगतो की समोरचे प्राणी 'एक-एक-दोन' वाले आहेत पण 'दोन-दोन-चार' वाले नाहीत, म्हणजे साधंसुधं कळण्याइतपत डोकं आहे, त्याहून अवघड काही नाही. एक प्राणी सिलिकॉनचा, दर दहा मिनिटांनी एक वीट बाहेर टाकतो आणि स्वतःभोवती पिरॅमिड बांधत जातो, लहानापासून मोठ्यापर्यंत पिरॅमिडांची रांगच लागलीय वाळवंटात. १९७० मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने जुन्या उत्तम कथा मतदानाने निवडल्या तेव्हा असिमोव्हच्या 'नाइटफॉल'च्या खालोखाल मतं हिला होती. मंगळावरच्या एका विवराला वाइनबॉमचं नाव आहे. तरीही आपल्याकडे विचारून बघा किती जणांना माहितीये. गुटेनबर्गवर कथा फुकट आहे.

दुसरी, 'अ लॉजिक नेम्ड जो', 'अस्टाउंडिंग'चा मार्च १९४६ चा अंक. लेखक मरे लाइन्स्टर, पण अंकात नाव विल एफ. जेंकिन्स. कारण त्याच अंकात लाइन्स्टर नावाने त्याची दुसरी कथा होती आणि एकाच अंकात एक नाव दोनदा नको. जेंकिन्स हेच खरं नाव. आता तुम्ही फक्त अंकाची अनुक्रमणिका बघितली असती तर हा कोण जेंकिन्स म्हणून पुढे गेला असता, म्हणूनच टोपणनावांची ओळ आधी बघा असं म्हटलं. कथा सांगणारा माणूस मेंटेनन्सवाला आहे. घराघरात 'लॉजिक' नावाचं यंत्र, टीव्हीसारखा पडदा पण बटणांच्या जागी की-बोर्ड, आणि ही सगळी यंत्रं मोठ्या 'टँक'ला जोडलेली ज्यात जगातली सगळी माहिती साठवलीय. हवामान विचारा, शेअरचे भाव विचारा, कुणाला फोन लावा. मग कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका यंत्रात बारीकसा फरक राहतो आणि ते ठरवतं की कुणी काहीही विचारलं तरी मदत करायची. बायकोचा काटा कसा काढू, बँक कशी लुटू, सगळ्याला व्यवस्थित, नम्र, पायरीपायरीने उत्तर. हे १९४६ साली, जेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी खोली. एआय चॅटबॉटवर आज जे वाद चालू आहेत ते सगळे या कथेत आहेत, आणि विनोदी अंगाने आहेत. बेन या प्रकाशनाने कथेच्याच नावाचा लाइन्स्टरचा संग्रह काढलाय, आणि वाचायचा आळस असेल तर १९५० च्या दशकातल्या अमेरिकन रेडिओवर हिचं नाट्यरूपांतर झालं होतं, ते इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकं-मासिकं-ऑडिओच्या फुकट साइटवर ऐकता येतं.

आता करायचं कसं. आयएसएफडीबीवरून मासिकाचं नाव, महिना, साल घ्या. इंटरनेट आर्काइव्हवर तेच इंग्रजीत टाइप करा. सगळेच अंक मिळतील असं नाही, पण मिळाला तर फक्त कथा वाचून बंद करू नका, अंक चाळा. जाहिराती बघा, घरबसल्या रेडिओ दुरुस्ती शिका, पिळदार शरीर कमवा वगैरे. संपादकाची कथेवरची चार ओळींची टिप्पणी वाचा. वाचकांची पत्रं तर अजिबात सोडू नका, त्यात लोक एकमेकांवर आजच्या कमेंट सेक्शनसारखेच तुटून पडलेले असतात, फक्त उत्तर यायला दोन महिने लागायचे.

पायरी ५. नावाच्या मागे लपलेले लोक

टोपणनाव हा माझा आवडता प्रकार, इथे जरा थांबू.

कॅथरिन बर्डेकिन या ब्रिटिश बाईंनी १९३७ मध्ये 'स्वस्तिका नाइट' लिहिली, मरे कॉन्स्टंटाइन या पुरुषी नावाने. हिटलर सत्तेत आहे, दुसरं महायुद्ध सुरूही झालेलं नाही, आणि ही बाई सातशे वर्षं पुढे जाते जिथे युरोपवर नाझी साम्राज्य आहे, हिटलर देव झालाय, इतिहासाची सगळी पुस्तकं नष्ट केलीत आणि बायकांना गुरांसारखं कुंपणात ठेवलंय. ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'च्या बारा वर्षं आधी. बर्डेकिन १९६३ मध्ये गेल्या, आणि मरे कॉन्स्टंटाइन म्हणजे त्याच हे जगाला १९८० च्या दशकात कळलं, डॅफ्नी पटाई या अभ्यासिकेने शोध लावला म्हणून. कादंबरी म्हणून मध्येमध्ये रटाळ आहे, पात्रं तासनतास बोलत बसतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्यातली बायकांच्या छावणीची प्रकरणं वाचली की पुस्तक डोक्यातून जात नाही.

कॉर्डवेनर स्मिथ. खरं नाव पॉल लाइनबार्गर, चीनचा तज्ज्ञ, चिनी क्रांतीचे नेते सुन यत्-सेन त्याचे धर्मपिता, आणि सैन्यासाठी मानसशास्त्रीय युद्धतंत्रावर पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस. त्याची 'स्कॅनर्स लिव्ह इन व्हेन' १९५० मध्ये 'फँटसी बुक' नावाच्या अगदी छोट्या मासिकात आली जे फारसं कुणी बघायचं नाही. वाचली कशी गेली तर त्याच अंकात फ्रेडरिक पोल या लेखक-संपादकाचीही एक कथा होती, पोलने अंक उघडला, शेजारची कथा वाचून उडालाच, आणि १९५२ च्या आपल्या संग्रहात ती घेतली. निव्वळ नशीब. कथेत अंतराळात जाण्यासाठी माणसांच्या संवेदना तोडून टाकलेल्या असतात, त्यांना स्वतःचं शरीर छातीवरच्या डायलवरून वाचावं लागतं, हृदय चालतंय का, जखम झालीय का. पहिली दोन पानं काहीच कळणार नाहीत. तसंच आहे ते, पुढे जा, तो समजावून सांगत बसत नाही.

जेम्स टिप्ट्री ज्युनियर तिकडे अजिबात विसरलेलं नाव नाही पण आपल्याकडे जवळपास अनोळखी. १९६८ पासून या नावाने जबरदस्त कथा यायला लागल्या, लेखकाला कुणी भेटलेलं नाही, फक्त पत्रव्यवहार. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत विज्ञानकथा लेखकाने १९७५ मध्ये एका संग्रहाच्या प्रस्तावनेत ठासून लिहिलं की हे लेखन पुरुषाचंच आहे. दोन वर्षांनी कळलं की टिप्ट्री म्हणजे ॲलिस शेल्डन, साठीतली बाई, पूर्वी सीआयएमध्ये काम केलेली. आडनाव तिने मार्मालेडच्या बाटलीवरून उचललं होतं.

आणि आपल्याकडचं उदाहरण सगळ्यात गोड. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस. ना. वि. ज. उलटं वाचा: ज. वि. ना. जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून केलेली युक्ती.

हे शोधायची रीत: आयएसएफडीबीवर टोपणनावाच्या पानावरून मूळ लेखकाच्या पानावर जायची लिंक असते. आणि एखाद्या लेखकाचं नाव नुसत्या आद्याक्षरांत असेल तर हमखास तपासा. सी. एल. मूर म्हणजे कॅथरिन मूर, इंडियानापोलिसला बँकेत नोकरी करायची, मंदीचे दिवस, कथांचे पैसे मिळतात हे बँकेला कळलं तर नोकरी जाईल म्हणून आद्याक्षरं. हेन्री कट्नर या लेखकाने तिला 'मिस्टर मूर' म्हणून चाहत्याचं पत्र पाठवलं, आणि पुढे १९४० मध्ये दोघांचं लग्न झालं.

पायरी ६. भाषेच्या आणि सेन्सॉरच्या पलीकडे

आपण भारतात बसून अमेरिकन मासिकं खणतोय आणि शेजारचं बंगाल बघत नाही, असं होऊ देऊ नका.

जगदीशचंद्र बोस, हो तेच, झाडांना संवेदना असतात वाले. १८९६ मध्ये त्यांनी 'निरुद्देशेर काहिनी' लिहिली. 'कुंतलीन' या केसांच्या तेलाच्या मालकाने कथास्पर्धा ठेवली होती आणि अट ही की तेलाचा उल्लेख कथेत आला पाहिजे पण जाहिरात वाटता कामा नये. बोसांनी काय करावं? कलकत्त्यावर येणारं चक्रीवादळ अचानक गायब होतं, शास्त्रज्ञ डोकं खाजवतायत, आणि शेवटी कळतं की बोटीवरच्या एका माणसाने खवळलेल्या समुद्रात केसांच्या तेलाची बाटली ओतली होती. पृष्ठताणाचं फिजिक्स वापरून स्पॉन्सर्ड कंटेंट! बक्षीसही मिळालं. पुढे १९२१ मध्ये 'पलातक तुफान' या नावाने त्यांनीच ती वाढवली. हिचा इंग्रजी अनुवाद 'स्ट्रेंज होरायझन्स' या ऑनलाइन मासिकात २०१३ मध्ये आलाय, फुकट वाचता येतो.

रुकैया सखावत हुसेन यांची 'सुल्तानाज ड्रीम' १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली, थेट इंग्रजीत लिहिलेली. पुरुष पडद्यात, बायका राज्य चालवतायत, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक, फुग्याने ढगांतलं पाणी काढून घ्यायचं म्हणजे पूरही नाही नि दुष्काळही नाही, हवेतून फिरणाऱ्या गाड्या. नवरा बाहेरगावी गेलेला असताना वेळ जावा म्हणून लिहिली, आणि परत आल्यावर त्याने उभ्याउभ्याच सगळी वाचून काढली नि म्हणाला, भयंकर सूड आहे हा! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या स्त्री-लेखिकांच्या डिजिटल संग्रहात पूर्ण आहे, दहा-बारा पानांची.

आणखी मागे जायचं तर कैलासचंद्र दत्त, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचा विद्यार्थी. १८३५ मध्ये त्याने इंग्रजीत एक कथा लिहिली, १९४५ सालात भारतीय लोक इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करतात. १८५७ च्याही बावीस वर्षं आधी. कथा म्हणून बेताची, पण साल वाचून माणूस गप्प होतो.

सेन्सॉरचं उदाहरण येवगेनी झाम्यातिनचं 'वी'. १९२० च्या आसपास लिहून झालं, सोव्हिएत सरकारने छापू दिलं नाही, इंग्रजी अनुवाद १९२४ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि खुद्द रशियात रशियन भाषेत पुस्तक निघायला १९८८ उजाडलं. माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, घरं काचेची. ऑर्वेलने १९४६ मध्ये याच्यावर परीक्षण लिहिलं आणि मग त्याची स्वतःची कादंबरी आली, बाकी तुम्ही ओळखा.

अजून एक लपण्याची जागा म्हणजे भलत्याच प्रकारचं पुस्तक. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताचं 'डार्कवॉटर' १९२० चं, निबंध आणि कवितांचं, लायब्ररीत समाजशास्त्राच्या कपाटात. त्यात मध्येच 'द कॉमेट' नावाची कथा आहे. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मेलंय, बँकेच्या तळघरात कागद आणायला पाठवलेला एक काळा निरोप्या वाचतो आणि एक श्रीमंत गोरी बाई वाचते. विज्ञानकथेच्या कपाटात शोधून ही कधीच सापडली नसती. गुटेनबर्गवर आहे.

पायरी ७. तारीख बघून वाचा

जुनी विज्ञानकथा वाचताना पहिली तक्रार असते की अहो सायन्स चुकलंय. चुकणारच. कथेची तारीख काढा आणि तेव्हा काय माहीत होतं ते दोन मिनिटं शोधा. शुक्रावर दलदल आणि जंगल दिसलं तर ती बहुधा १९६२ च्या आधीची कथा, कारण तेव्हा मरिनर २ या अमेरिकन यानाने शुक्र भट्टीसारखा तापलेला आहे हे दाखवलं. मंगळावर कालवे आणि श्वास घेता येईल अशी विरळ हवा असेल तर १९६५ च्या आधीची, मरिनर ४ च्या फोटोंनी तिथे नुसती विवरं दाखवली. म्हणून वाइनबॉम चुकला असं म्हणण्यात अर्थ नाही, त्याच्या वेळच्या माहितीत ते बसत होतं.

दुसरी तक्रार वंशद्वेष आणि बायकांची चित्रणं. ती खरी आहे, पुष्कळ कथांमध्ये असह्य आहे. सोडून द्या सरळ, सगळं वाचलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय. क्लेअर विंगर हॅरिस या बाईंनी १९२६ च्या अखेरीस 'अमेझिंग स्टोरीज'ने जाहीर केलेल्या स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळवलं तेव्हा गर्न्सबॅकने कौतुक करता करता हेही छापलं की बायकांना सहसा असं लेखन जमत नाही. हे वाचून राग येतो, पण कुणाच्या कथा पुढे संग्रहांत गेल्या नि कुणाच्या राहिल्या याचं उत्तरही तिथेच मिळतं.

तिसरं, जाड पुस्तकं. स्टेपल्डनचं 'लास्ट अँड फर्स्ट मेन' १९३० चं, दोन अब्ज वर्षांचा इतिहास, माणसाच्या अठरा जाती एकामागून एक, आणि धड एक पात्र नाही. लोक यानेच सुरुवात करतात आणि वीस पानांत आडवे होतात. त्याच्याऐवजी त्याचंच १९४४ चं 'सिरियस' घ्या. माणसाइतकी बुद्धी असलेला मेंढपाळ कुत्रा, वेल्समधल्या घरात एका मुलीबरोबर वाढलेला. स्टेपल्डनला माणूस म्हणून भेटायचं असेल तर हे पुस्तक, मग पाहिजे तर दोन अब्ज वर्षं.

इंग्रजी जड जात असेल तर लिब्रिव्हॉक्सवर जुन्या विज्ञानकथांचे ऑडिओ फुकट आहेत, लोकलमध्ये ऐकायला बरे. वाचणारे स्वयंसेवक असतात, एखादा आवाज नाही पटला तर दुसरा बघा.

आणि 'पहिली विज्ञानकथा कोणती' या भांडणात पडू नका. केप्लरचं 'सोम्नियम' १६३४ चं, मार्गारेट कॅव्हेंडिशचं 'द ब्लेझिंग वर्ल्ड' १६६६ चं, दुसऱ्या शतकातला ल्युशियन चंद्रावर लढाई दाखवतो. प्रत्येक जण आपापला उमेदवार उभा करतो, आणि वाचत कुणीच नाही.

पायरी ८. मराठीत खणा

इथे तयार डेटाबेस नाही, त्यामुळे मेहनत जास्त आणि सापडलं तर मजाही जास्त. कोचीनला राहून कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळ कोकिळ' चालवायचे, त्यात १९०० च्या सुमारास व्हर्नची चांद्रसफर 'चंद्रलोकची सफर' म्हणून क्रमशः आली. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही 'मनोरंजन'मधली कथा, पहिल्या महायुद्धाच्या काळातली, मराठीतल्या पहिल्या स्वतंत्र विज्ञानकथेचा मान बहुतेक जण तिला देतात. पुढे भा. रा. भागवतांनी मुलांसाठी व्हर्न मराठीत आणला. अनंत अंतरकरांचं 'नवल' मासिक या प्रकारासाठी खाणच. नारळीकरांच्या आगेमागे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, आणि अरुण साधूंची 'विप्लवा', जी 'सिंहासन' लिहिणाऱ्या साधूंची आहे हे सांगितलं की लोकांना खरंच वाटत नाही. परत तेच कारण, लेखक दुसऱ्याच गोष्टीसाठी फेमस.

शोधायची रीत अशी. इंटरनेट आर्काइव्हवर मराठी पुस्तकांचे स्कॅन खूप आहेत पण नावं रोमनमध्ये कशीही टाइप केलेली असतात, त्यामुळे एकच नाव तीन-चार स्पेलिंगने टाकून बघा, मग देवनागरीत टाका. लेखकाचं नाव चुकलेलं असू शकतं म्हणून मासिकाच्या नावानेही शोधा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय ही दोन्ही शंभरीपार केलेली, तिथे जुन्या मासिकांचे बांधलेले खंड असतात. नुसतं 'जुनी विज्ञानकथा आहे का' विचारलंत तर काही हाती लागणार नाही. मासिक आणि साल घेऊन जा. दिवाळी अंकांसाठी रद्दीवाले आणि फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवरचे पुस्तकवाले, अनुक्रमणिकेत 'विज्ञानकथा' असा शब्द नसेल तर चित्रं बघा, रॉकेट किंवा तबकडी दिसली की थांबा.

आणि सापडली की फोनवर चार फोटो काढा: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, कथेचं पहिलं पान, आणि ज्या पानावर महिना-साल छापलंय ते. लेखकाचं नाव छापलंय तसंच लिहून ठेवा, 'सुधारू' नका, कारण पुढे कुणाला टोपणनाव उलगडायचं असेल तर तेच अक्षर न् अक्षर लागतं. आयएसएफडीबीवर अकाउंट काढून कुणीही नोंद भरू शकतं, एक मॉडरेटर ती तपासून मंजूर करतो, आणि इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषाही चालतात. कथा अंकाच्या नोंदीत भरायची असते.